न झिजणारं जस्त

१२ जानेवारी

आजपासून वही लिहायची ठरवलं. नवा धंदा काढला की त्याची नोंद असावी. उद्या कोणी विचारलं, कार्तुबी, हे सुचलं कसं, तर तारीख वार दाखवता येईल.

तेगलच्या बंदरामागच्या गल्लीत मी तीस वर्षं जहाजांचे पंखे ओततो. तांबं किती, कथील किती, हे मला वितळलेल्या रसाचा रंग बघून कळतं. पण आता बाहेरून तयार पंखे येतात, स्वस्तही असतात, आणि गेल्या वर्षी माझ्या भट्टीतून अकराच पंखे बाहेर पडले. भट्टी थंड असली की मी घरात सगळ्यांवर भडकतो, असं तुरिपा म्हणते. तुरिपा म्हणजे माझी बायको. बंदराच्या फाटकाशी तिची खानावळ आहे, आणि तिथल्या मिरचीपेक्षा तिची जीभ तिखट आहे.

तर आता जस्ताच्या वड्या. खाऱ्या पाण्यात तांब्याचा पंखा आणि जहाजाच्या तळाचा लोखंडी पत्रा शेजारी आले की लोखंड कुरतडलं जातं. समुद्राला काहीतरी खायला लागतंच. म्हणून पत्र्याला जस्ताच्या वड्या डकवायच्या, म्हणजे तो आधी जस्त खातो आणि लोखंड वाचतं. सहा महिन्यांनी वड्या बदलायच्या. आपल्या गोदीत या वड्या सुराबायाहून येतात. का याव्यात? आम्ही काय मेलोय?

जस्त गरीब धातू आहे. पंख्याच्या रसाला लागते त्याच्या निम्म्या आचेतही ते पातळ होतं. त्याच्यासाठी माझी महागाची मूस कोण वापरणार! मी तुरिपाची जुनी लोखंडी कढई उचलली.

"ती माझ्या आईची कढई आहे, कांग." लग्नापासून ती मला कांगच म्हणते.

"आईने तिच्यात सोयाबीनचे ताहू तळले, मी वड्या पाडतो. फरक काय?"

"ताहू लोकांना आवडायचे," ती म्हणाली.

१५ जानेवारी

पहिला घाणा. लोखंडी सळईने ढवळला, मळी काढली, साच्यात ओतला. गार झाल्यावर अशी चकाकी की तोंड बघून घ्यावं. प्रत्येक वडीवर माझी खूण उमटवली आहे, एक मासा आणि खाली माझ्या नावाचं पहिलं अक्षर. माशाची खवलं मी स्वतः साच्यात कोरली. साच्याला तीन दिवस लागले, पण मी काही सुराबायाच्या कारखान्यासारख्या पाट्या टाकणारा नाही.

२० जानेवारी

'लारास' गोदीत चढलं आहे. हाजी कुसाएरींचं मासेमारीचं जहाज, पोलादी, जुनं, पण दणकट. माझा मुलगा वासिस त्याच्यावर इंजिन सांभाळतो, म्हणून पहिला मान लारासला. पंखाही माझाच आहे. मागच्या बाजूला आठ वड्या बसवल्या.

रंगाचा मुकादम साक्यात. आम्ही एकाच गल्लीत चड्डीशिवाय फिरलेले. मध्ये तो दहा वर्षं सुराबायाच्या मोठ्या गोदीत होता, तेव्हापासून त्याला सगळं जास्त कळतं. लाल अस्तराचा हात देण्याआधी तो प्रत्येक वडीवर ग्रीस लावून कागद चिकटवत होता. जस्तावर रंगाचा थेंब पडला तर ते काम करत नाही म्हणे. हे मलाही ठाऊक आहे.

"देखणी झाली आहे," तो वडी चाचपत म्हणाला. "कशात वितळवलीस?"

"भट्टीत."

"भट्टीत सगळेच वितळवतात. भांडं कुठलं?"

"तू रंग कुठल्या डब्यात कालवतोस, ते मी विचारतो?"

तो हसला आणि पुढच्या वडीकडे गेला. या माणसाला मी चांगला ओळखतो. त्याला धंद्याची आतली गोष्ट काढून घ्यायची होती.

३ फेब्रुवारी

लारास गेलं. वासिसने वरून हात केला. तुरिपाने मिरचीचा ठेचा इतका बांधून दिला आहे की मासे पोहून लांब जातील.

११ जुलै

मधले महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं.

लारास आज गोदीत चढलं. मी सकाळपासून तिथे उभा. शेवाळ खरवडलं, आणि खाली माझ्या वड्या! जशा बसवल्या तशा! कोपरे शाबूत, माशाची खवलंसुद्धा मोजता येतील. सुराबायाच्या वड्या सहा महिन्यांत उंदरांनी कुरतडलेल्या साबणासारख्या दिसतात. माझ्या वड्यांवर फक्त एक करडा थर आला आहे, घट्ट, नखाने निघत नाही.

हाजी कुसाएरी खाली वाकून बघतच राहिले. "कार्तुबी, ही वडी आहे की तुझ्या बायकोचा हट्ट? झिजतच नाही!"

सगळी गोदी हसली. हाजींनी याच वड्या राहू द्या म्हणून सांगितलं, नव्यांची गरजच काय. तिथल्या तिथे आणखी चार जहाजमालकांनी मागणी नोंदवली. माझे डोळे भरून आले हे लिहायला मला लाज वाटत नाही. तीस वर्षांत माझ्या कामाला इतकं कोणी नावाजलं नव्हतं.

एकटा साक्यात तोंड पाडून होता. सुकाणूजवळचा पत्रा तो छिन्नीच्या टोकाने टोकरत होता.

"झिजायला हवी होती," तो म्हणाला.

"काय?"

"वडी. झिजली नाही, म्हणजे ती कामाला गेलीच नाही."

"म्हणजे माझा माल चांगला निघाला, हा माझा गुन्हा?"

"कार्तुबी, पत्र्याला खड्डे पडलेत. हे बघ. आणि हे."

जुनं जहाज आहे, खड्डे असायचेच. माझ्या आजोबांच्या गालावरही होते. मी त्याला चारचौघांत सांगितलं की पोटात दुखत असेल तर ओवा खा. खड्डे लुकणाने भरून त्यावर त्याने रंग दिला.

१४ जुलै

साक्यात तीन दिवस खानावळीत आला नाही. तुरिपा म्हणते, "बावीस वर्षं तो माझ्याकडे जेवतो. तू काय बोललास त्याला?"

"त्याला मत्सर आहे."

"साक्यातला? कांग, त्या माणसाने आयुष्यात एकच शर्ट विकत घेतला आहे. तो कशाचा मत्सर करणार?"

बायकांना धंद्यातलं कळत नाही. वासिससुद्धा जेवताना म्हणाला की इंजिनखोलीत तळाला साचतं ते पाणी हल्ली तांबडं येतं. मी म्हटलं, जुनं जहाज. तो म्हणाला, "हो बापाक, जुनं जहाज." आणि आणखी भात घेतला.

मी पुन्हा पुन्हा विचार केला. समुद्र जस्त खातो, म्हणून लोखंड वाचतं, हे बरोबर. पण माझं जस्त जातिवंत असेल, तर ते थोड्यात जास्त काम करत असेल. उत्तम कारागीर घाम न गाळता काम करतो, तसं. हे मला पटलं आहे.

२ ऑगस्ट

लारास पुन्हा गेलं, मकासरच्या बाजूला. या वेळी तीन महिने.

९ सप्टेंबर

साक्यातचं बोलणं माझ्या कानातून जात नाही. बंदरावर समोर आला की तो मान हलवतो आणि पुढे जातो. हे तोंड एकदाचं बंद केलं पाहिजे. म्हणून प्रयोग मांडला आहे. तुरिपाकडून लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या आणि समुद्राचं पाणी भरलं. एकीत लोखंडी खिळ्याला माझ्या वडीचा तुकडा तारेने बांधला, दुसरीत तसाच खिळा आणि सुराबायाच्या वडीचा तुकडा. आठवड्याने दोन्ही बरण्या साक्यातच्या पुढ्यात नेऊन ठेवणार. हाजींनाही बोलावणार.

१३ सप्टेंबर

माझ्या बरणीतला खिळा तांबडा झाला. सुराबायाचा काळा आहे, पण साफ आहे.

बरणी नीट धुतलेली नसणार. तुरिपाच्या लोणच्याचा खार राहिला असेल. उद्या दोन्ही बरण्या राखेने घासून, नवे खिळे, नवं पाणी.

१९ सप्टेंबर

बरण्यांची अदलाबदल केली. खिळे एकाच पुडीतले घेतले. पाणी एकाच बादलीतलं. झाकणावर कागद बांधला, की कोणी काही टाकू नये. कोण टाकणार होतं? मीच तर घरी असतो.

माझा खिळा गंजला. तारेखालची वडी चकचकीत.

२० सप्टेंबर

लिहवत नाही.

२१ सप्टेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काल दिवसभर भट्टीपाशी नुसता बसून होतो. मनात आलं ते इथे तरी खरं लिहितो. बरण्या ओतून द्याव्यात, खिळे फेकावेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. लारास जुनं आहे. काही झालंच तर लोक म्हणतील, जुनं होतं. माझं नाव कोणी घेणार नाही.

मग आठवलं की वासिसची झोपायची फळी इंजिनाच्या मागे आहे, पत्र्याला लागून. पलीकडे समुद्र. तो मला एकदा कौतुकाने सांगत होता की पाण्याचा आवाज ऐकत छान झोप लागते.

दोन्ही बरण्या पिशवीत घातल्या आणि साक्यातच्या घरी गेलो. तो अंगणात ब्रश धूत होता. मी बरण्या समोर ठेवल्या. त्याने बघितलं, ब्रश झटकला, आणि आत जाऊन चहाची मातीची किटली घेऊन आला. दोघांनी एक एक पेला घेतला. मगच तो बोलला.

"आता सांग. भांडं कुठलं?"

"सासूची कढई."

"लोखंडी?"

"लोखंडी. आणि ढवळायला सळई."

त्याने डोळे मिटले. "अरे बाबा! पातळ झालेलं जस्त लोखंडाला खातं. भांड्यातलं लोखंड त्यात उतरतं. चिमूटभर उतरलं तरी वडी समुद्रात गेल्यावर अंगावर कातडं धरून बसते. मग ती झिजत नाही, आणि कुणाला वाचवतही नाही. तिकडच्या गोदीत ओतारी लोखंडी पळी जस्ताच्या जवळपास आणू द्यायचा नाही. मूस मातीची, ढवळायला ग्रॅफाइटची कांडी."

"तू मला जानेवारीत का नाही सांगितलंस?"

"विचारलं की! तू म्हणालास, डबा कुठला ते विचारतो का."

मी म्हणालो होतो. तारीखवार लिहूनही ठेवलं आहे.

"आणि जुलैत मी गप्प बसलो," साक्यात म्हणाला. "तू ओवा खा म्हणालास, मला राग आला. म्हटलं मरू दे. खड्ड्यात लुकण भरून मोकळा झालो. तेव्हा सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस. उठ, हाजींकडे जाऊ."

२२ सप्टेंबर

ज्या चौघांनी वड्या नेल्या होत्या त्यांच्या घरी सकाळीच जाऊन सांगून आलो. त्यांची जहाजं इथेच बंदरात आहेत, हे नशीब. एकाने दार लावून घेतलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, त्यापेक्षा दार लावलेलं बरं होतं.

हाजी कुसाएरींकडे काल साक्यात आणि मी गेलो होतो. आज पुन्हा गेलो. त्यांच्या ओट्यावर वायरलेस आहे. दुपारच्या नमाजानंतर ते रोज जहाजाशी बोलतात, आणि तेव्हा तिथे नेहमी दहापंधरा माणसं जमलेली असतात. कालच्यासारखंच आजही ते म्हणाले, "मासा लागलाय. आत्ता कुठे लागलाय. तीन आठवडे थांब, मग ये म्हणतो."

"पाक हाजी, पत्रा किती उरलाय ते मला माहीत नाही."

"तुला काहीच माहीत नसतं रे. जुलैत तुला झिजत नाही म्हणून नाचायचं होतं. आता तुला झिजत नाही म्हणून रडायचंय. तुझ्या रडण्यावर मी जहाज अर्ध्या वाटेतून माघारी फिरवू? बारा माणसांचा हंगाम आहे तो."

ते म्हणत होते त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

तेवढ्यात तुरिपा आली. हातात पळी तशीच. खानावळ भरलेली टाकून आली होती. मी तिला पहाटे सगळं सांगितलं होतं, आणि त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आताही माझ्याकडे बघितलं नाही.

"पाक हाजी," ती म्हणाली, "माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. या माणसाने घराच्या छपराला भोक पाडलं, तेव्हा पावसाला दोष दिला. भात जाळला, तेव्हा तांदळाला. मी चुकलो, हे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. तो आज चार लोकांत म्हणतोय. मग ते खरंच असणार. माझ्या पोराला बोलवा."

कोणी हसलं नाही. हाजींनी टोपी काढली, टक्कल खाजवलं, टोपी घातली. मग वायरलेसची कळ दाबली.

नंतर ते मला म्हणाले, "पत्रा धड निघाला, तर पुन्हा या गोदीत पाऊल टाकू नकोस. पंखाही नको तुझा आणि वडीही नको."

मी मान डोलावली. घरी येताना तुरिपा दहा पावलं पुढे चालत होती. वळणावर थांबली, मला येऊ दिलं, मग पुन्हा चालायला लागली.

२६ सप्टेंबर

लारास अजून वाटेत आहे. हवा शांत आहे.

मनात काय चाललंय ते कोणाला सांगता येत नाही. पत्रा धड निघावा, असं वाटतं. म्हणजे माझ्या हातून फार वाईट घडलं नाही. मग वाटतं, धड निघाला तर बारा माणसांचा हंगाम मी उगाच बुडवला, आणि या बंदरात मला कोणी उभं करणार नाही. मग वाटतं, सडका निघू दे. आणि मग कळतं की आपण काय मागतोय, आपलं पोर त्या पत्र्याआड झोपलेलं असताना. दोन वेळा नमाज मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून पढला.

२९ सप्टेंबर

आलं. दहाच्या सुमाराला धक्क्याला लागलं. तरंगत आलं. मी धक्क्यावरच खाली बसलो.

खलाशी उतरले ते माझ्या अंगावरून गेले. एकजण म्हणाला, "काय जस्तवाले, झोप लागली का आता?" माशांचा खण निम्मासुद्धा भरलेला नव्हता. वासिस सगळ्यांच्या शेवटी उतरला. त्याने आईच्या हाताला कपाळ लावलं. माझ्याही हाताला लावलं, पण डोळे वर केले नाहीत.

"अकरा माणसं माझ्याकडे बघत होती सगळी वाट," घरी तो एवढंच बोलला. "जहाजाला काही झालेलं नाही, बापाक. रोज पंप सुरू केला, रोज पाणी निघालं. नेहमीसारखं."

मी म्हटलं, बरं झालं. तो जेवला नाही.

१ ऑक्टोबर

आज सकाळी जहाज गोदीत चढवलं. सगळे आले होते. हाजी, ते चार मालक, लारासचे खलाशी, आणि ज्यांचा काही संबंध नाही असे पन्नासएक. वड्या जशाच्या तशा होत्या. मी तिकडे बघितलं नाही.

साक्यात हातोडी घेऊन पुढच्या टोकापासून निघाला. पत्रा ठोकायचा आणि आवाज ऐकायचा, हे काम त्याच्यासारखं कोणाला जमत नाही. टण. टण. टण. एक वीत सोडून पुन्हा टण. मधल्या भागापर्यंत सगळं टणटणीत. मागे खलाशांच्यात कुजबूज सुरू झाली. हाजी माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होतो आणि माझ्या मनात खरंच काही नव्हतं, कुठलीही मागणी नव्हती.

"मी आत जातो," वासिस म्हणाला. "आतून आवाज ऐकतो. म्हणजे वाद नको." त्याच्या बोलण्यात राग होता. शिडी चढून तो आत गेला.

साक्यात इंजिनखोलीपाशी आला. टण. टण. मग सुकाणूच्या अलीकडे, माझ्या पंख्यापासून दोन हातांवर, आवाज बदलला. थप. त्याने हात थांबवला. जुलैत स्वतःच भरलेलं लुकण त्याने ओळखलं असावं. मला म्हणाला, "तू मार."

मी हातोडी घेतली. जोर लावला नाही, आमच्या भट्टीत साचा सोडवताना मारतो तेवढीच मारली. हातोडी आत गेली. दांड्यापर्यंत आत गेली.

ओढून काढली तेव्हा गंजाचे पापुद्रे आणि रंगाची साल माझ्या पायांवर पडली. भोक ताटलीएवढं नव्हतं, पेल्याएवढं होतं. कडेचा पत्रा कागदासारखा पातळ. लारासचा तो खलाशी, जस्तवाले म्हणणारा, तो खाली बसला आणि त्याने डोकं धरलं. हाजी पुढे आले, भोकात बघितलं, आणि हळूच त्याच्या कडेवरून हात फिरवला.

"आत कुठे आहे हे?" त्यांनी विचारलं.

साक्यात म्हणाला, "फळीच्या मागे. वासिसच्या."

आतून सामान ओढल्याचा आवाज आला. फळी हलवल्याचा. मी वाकून त्याला हाक मारली.

मग त्या भोकातून माझ्या मुलाचा हात बाहेर आला. तेलकट, मनगटापर्यंत. तो हात तिथे हवेत चाचपडत होता.

मी तो धरला. पत्र्यापलीकडे तो मुसमुसत होता, मला ऐकू येत होतं, इतका तो पत्रा पातळ होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बापाक, सोड आता. कड लागतेय."

मी म्हटलं, लागू दे.